एका पाळीचं दही

सकाळी उठल्यावर देवापुढे दिवा लावण्याआधी मी दह्याचं झाकण उचलते. आई असती तर बोलली असती. पण सवय लागली ती लागलीच.

ओट्याच्या कोपऱ्यात, मिक्सरच्या मागे, कुणाचा धक्का लागणार नाही अशा जागी स्टीलचं भांडं असतं. झाकणाला आतून वाफेचे थेंब धरलेले असतात. ते सरळ वर उचलायचं नाही. तिरकं करत बाजूला घ्यायचं, म्हणजे थेंब दह्यात पडत नाहीत. मग भांडं जरासं कलतं करायचं. वरची साय हलली नाही, कडेनं पाणी धावलं नाही, की समजायचं, लागलं.

एवढं बघून मी झाकण पुन्हा ठेवते आणि चहाचं आधण चढवते. खिडकीबाहेर शिवडीच्या बाजूला उजाडत असतं. काळाचौकीतली आमची चाळ गेली, तिच्या जागी ही इमारत आली. अकराव्या मजल्यावरून हवा स्वच्छ असली की अटल सेतूची रेघ दिसते. चाळीच्या गॅलरीतून समोरच्या चाळीची गॅलरी दिसायची. दृश्य वाढलं, माणसं लांब गेली. पण आज मला दह्याबद्दलच बोलायचं आहे.

'लागलं' हा शब्द मला आवडतो. दूध तापवतो आपण. निववतो आपण. विरजण लावतो आपण. पण दही लागतं ते त्याचं त्याला. झोपही अशीच लागते. भूक लागते, उचकी लागते, ठेच लागते, लळा लागतो. यातलं एकही ठरवून करता येत नाही. अंथरूण घालता येतं, दिवा मालवता येतो, पण झोप लागायची तेव्हाच लागते. लावणं आपल्याकडे, लागणं त्याच्याकडे. भाषेनं ही वाटणी कधी करून ठेवली कोण जाणे. कुणी पंडितानं केली असेल असं वाटत नाही. चुलीपाशी बसलेल्या कुणीतरी केली असावी.

आमच्या भागात आणखी एक गोष्ट लागायची. माणूस गिरणीत लागायचा. "मामाच्या ओळखीनं लागला." "आधी बदलीवर होता, मग कायम लागला." आमचे बाबा साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात, लागले तेव्हा त्यांना मिसरूड नुकतीच फुटली होती, असं आजी सांगायची. त्यांची रातपाळी असली की आई जेवणं आटोपून, भांडी घासून, बाबा निघाल्यावर विरजण लावायची. सकाळी ते रातपाळी करून परत यायचे तेव्हा दही लागलेलं असायचं. आईचं गणित घड्याळाचं नव्हतं, भोंग्याचं होतं. "दही एका पाळीत लागतं," असं ती म्हणायची. डिसेंबर-जानेवारीत उशीर झाला, तर "आज ओव्हरटाइम."

बाबा रातपाळीहून आले की रात्रीची भाकरी कुस्करून दह्यात घालायचे. वर लसणीची चटणी. जेवण झालं की खोलीत अंधार करून झोपायचे, आणि आम्ही दोघी बहिणी दिवसभर कुजबुजत राहायचो. दहा बाय बाराच्या खोलीत एक माणूस झोपलेला आणि एक भांडं झाकलेलं. दोघांच्याही जवळून जाताना पाय हलके टाकायचे, हे आम्हाला न शिकवता आलं होतं.

दूध आरेचं. काचेची बाटली, वर पातळ पत्र्याचं रंगीत बूच. पहाटे केंद्रावर रांग, हातात कार्ड आणि रिकाम्या बाटल्या. आमच्याकडे यायचं ते बहुतेक टोन्ड दूध. म्हशीच्या दाट दुधात पाणी आणि साय काढलेल्या दुधाची पूड मिसळून स्वस्तात पुरवठ्याला आणण्याची ही युक्ती दारा खुरोडी यांनी मुंबईत १९४६ च्या सुमारास अमलात आणली. आरेची वसाहतही त्यांच्याच देखरेखीखाली उभी राहिली. पुढे १९६३ साली त्यांना वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासोबत मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आम्हाला त्या वयात यातलं काही माहीत नव्हतं. टोन्ड दुधाच्या दह्याला कवडी धरत नाही, एवढं मात्र पक्कं माहीत होतं. चमचा उभा राहील असं दही सणाला, तबेल्याचं दूध आणलं तरच. एरवीचं दही पळीवाढं. त्याचं ताक करायला फार घुसळावं लागायचं नाही, हा फायदा.

मी सहा-सात वर्षांची असताना एक खोडी करायचे. आईचा डोळा लागला की अंधारात उठायचं, झाकण सरकवायचं आणि दह्यात बोट घालून बघायचं. लागलं का? बोटाला कोमट, बुळबुळीत, धड दूध ना धड दही असं काहीतरी लागायचं. चाटून परत झोपायचं. सकाळी आई झाकण उचलायची, तर सगळं दही लागलेलं आणि मधोमध एक खड्डा. खड्ड्यात हिरवट-पिवळं पाणी. ती काही विचारायची नाही. भांडं माझ्यासमोर आणून धरायची आणि खड्डा दाखवायची.

तो खड्डा भरून का येत नाही, हे मला फार उशिरा समजलं. विरजणातले जिवाणू दुधातली साखर खातात आणि आम्ल सोडतात. दूध जसजसं आंबत जातं तसतशी त्यातली प्रथिनं एकमेकांना धरू लागतात. त्यांचं बारीक जाळं विणलं जातं आणि सगळं पाणी त्या जाळ्यात अडकून राहतं. आपण ज्याला घट्ट दही म्हणतो ते बहुतांशी पाणीच, फक्त धरून ठेवलेलं. जाळं विणलं जात असताना कुणी धक्का दिला, बोट घातलं, की तिथला धागा तुटतो. तुटलेला धागा पुन्हा तसा सांधत नाही. धरलेलं पाणी सुटतं आणि खड्ड्यात साचतं. साचेखात्यात काम करणाऱ्या माणसाच्या मुलीला हे बाबांनी एका वाक्यात समजावलं असतं. मी त्यांना कधी विचारलं नाही.

दूध आधी नीट उकळून मग निववायचं, हेही उगाच नाही. उकळल्यानं दुधातली आणखी काही प्रथिनं उलगडतात आणि त्या जाळ्यात सामील होतात, म्हणून दही घट्ट लागतं. विरजण लावायच्या वेळी दूध चाळीस-पंचेचाळीस अंशांवर असावं असं पुस्तकं सांगतात. आई करंगळी बुडवायची. चटका बसता कामा नये आणि गारही वाटता कामा नये. जास्त गरम दुधात विरजण मरतं. जास्त गार दुधात ते झोपून राहतं. आणि प्रमाण? अर्ध्या लिटरला छोटा चमचा, तोही वर न भरलेला. लवकर लागावं म्हणून विरजण जास्त घातलं की दही लवकर लागतं खरं, पण दुपारपर्यंत तोंड वाकडं होईल इतकं आंबट.

या जिवाणूंपैकी एकाचा शोध १९०५ साली जिनिव्हात स्तामेन ग्रिगोरोव्ह नावाच्या एका बल्गेरियन तरुणानं लावला. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधले मेचनिकोव्ह मग आंबवलेल्या दुधाच्या इतके मागे लागले की बल्गेरियातले शेतकरी त्यामुळेच दीर्घायुषी होतात असं सांगू लागले. स्वतःही रोज घेत. ते एकाहत्तराव्या वर्षी गेले. आमची आजी शहाऐंशी वर्षं जगली आणि तिला दही आवडत नसे.

आमच्या घरचं विरजण आजीच्या काळापासून चालत आलेलं आहे, असं सांगायला मला आवडलं असतं. हल्ली तसं सांगायची पद्धत आहे. पण ते खरं नाही. आमचं विरजण कितीदा मोडलं त्याला गणती नाही. कधी आई सगळं दही वाढून बसायची आणि मग कपाळावर हात मारायची. कधी गावाहून महिन्यानं परतल्यावर घरात काहीच नसायचं. कधी दह्याला तार सुटायची, ते टाकून द्यावं लागायचं. मग वाटी घेऊन शेजारी.

शेजारी म्हणजे बहुतेक वेळा कोपऱ्यातल्या खोलीतल्या मालवणच्या काकू. त्यांची खाणावळ होती. गावी बायको-मुलं ठेवून आलेले सहा-सात गिरणी कामगार त्यांच्याकडे दोन वेळा जेवायचे. अशा खाणावळवाल्या बायकांसाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं, तेव्हा गिरणगावात घरोघर स्टोव्हवर दुसऱ्यांची जेवणं शिजत होती. काकूंकडे रोज मोठ्या टोपात दही लागायचं, म्हणून त्यांचं विरजण सहसा मोडायचं नाही. त्या 'इरजण' म्हणायच्या. मी दारात वाटी घेऊन उभी राहिले की हातातलं काम न सोडता म्हणायच्या, "वायच थांब." थोडं थांब. आणि विरजणही द्यायच्या ते वायचच.

तिन्हीसांजा झाल्यावर मात्र विरजण मिळायचं नाही. दिवेलागणीनंतर घरातलं दही बाहेर देऊ नये, लक्ष्मी जाते. पण कुणाचं दूध वाया जाऊ देणंही काकूंच्या जिवावर यायचं. त्यांनी मधली वाट काढली होती. म्हणायच्या, दुधाचं भांडंच घेऊन ये. मी कोमट दुधाचा टोप धरून गॅलरीतून सावकाश जायचे आणि त्या स्वतःच्या हातानं त्यात विरजण घालायच्या. दही घराबाहेर दिलं नाही, आमचं दूधच पाहुणं येऊन गेलं. लक्ष्मीही राहिली, शेजारही राहिला.

असं कुणाकुणाचं आमच्या भांड्यात येऊन गेलं. काकूंचं, साताऱ्याकडच्या वहिनींचं, नाक्यावरच्या डेअरीतलं. काकूही कधी आमच्याकडे वाटी पाठवायच्या. तेव्हा आमच्याकडून जायचं ते त्यांचंच, महिन्याभरापूर्वीचं. की वहिनींचं? दह्याला कूळ नसतं. एवढं खरं, की ज्या घरात काल दही लागलं त्या घरात आज कुणीतरी वाटी घेऊन येऊ शकतं. म्हणून आई दही वाढायला घेण्याआधी एक चमचा वेगळा काढायची. उद्याचा आधी, मग आजचा. पाहुणे आले तरी, आणि दही कमी असलं तर आधीच.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा मी तेरा वर्षांची होते. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पहिले काही महिने मोर्चे, घोषणा, संपाचे पुढारी डॉक्टर सामंत यांच्या सभा. मग हळूहळू आवाज कमी झाला. भोंगा वाजेनासा झाला तेव्हा आईला सकाळी किती वाजले हे विचारावं लागायचं. दूध निम्मं झालं. त्याहून निम्मं झालं. आई तरी वाटीभर दुधाला विरजण लावायची. दह्यापेक्षा विरजण टिकावं म्हणून, असं आता वाटतं. काकूंचे जेवणारे एकेक करून गावी गेले. त्यांचा टोप लहान होत होत आमच्या भांड्याएवढा झाला.

आपल्याकडे कुणी लांब निघालं की हातावर दही घालतात. "जातो" म्हणायचं नाही, "येतो" म्हणायचं. अनंत चतुर्दशीला गणपती हलवण्याआधी त्याच्याही हातावर दही ठेवतात, पुढल्या वर्षी लवकर यावं म्हणून. त्या पावसाळ्यात काकूंनी खोली बंद केली. एसटीला निघताना आईनं त्यांच्या तळहातावर दही-साखर ठेवली. काकू म्हणाल्या, "येतंय." आईनं विचारलं, "विरजण नेता का?" इतक्या लांबच्या प्रवासात ते कुठं टिकणार, हे दोघींनाही माहीत होतं. तरी काकूंनी कापडाचा तुकडा दह्यात भिजवून, वाळवून, पुडीत बांधून घेतला. परदेशात जाणाऱ्या मुली असंच विरजण नेतात असं पुढे ऐकलं. काकूंनी ते मालवणला नेलं होतं.

गणपती त्या वर्षीही आला, नंतरही दरवर्षी आला. काकू आल्या नाहीत.

विरजण पडणं या वाक्प्रचाराचं मला नेहमी नवल वाटतं. उत्साहावर विरजण पडलं, बेतावर विरजण पडलं. म्हणजे बिघडलं, फिसकटलं. दुधाच्या बाजूनं पाहिलं तर बरोबरच आहे. दुधाचं दूधपण संपतं, ते परत मिळत नाही. दह्याच्या बाजूनं मात्र कुणी वाक्प्रचार केला नाही.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली (तीही लागलीच) आणि त्याच आठवड्यात माझं विरजण मोडलं. डेअरी बंद. शेजारी जायची चोरी. वाटी घेऊन कुणाच्या दारात उभं राहायचं तर दोघांनाही भीती. मसाल्याचा मोसम असल्यामुळे लालबागच्या मिरची गल्लीतून आणलेल्या मिरच्या घरात होत्या. आईनं कधीतरी सांगितलेलं आठवलं. देठासकट दोन-तीन मिरच्या कोमट दुधात बुडवल्या आणि झाकण ठेवलं. देठांवरही तसलेच जिवाणू असतात. सकाळी बघितलं तर पातळ, जरा चिकट, मिरचीचा वास असलेलं काहीतरी. खाववलं नाही. पण त्यातलाच चमचा दुसऱ्या दिवशीच्या दुधाला लावला. ते बरं लागलं. तिसऱ्या दिवशी दही लागलं. आज माझ्या भांड्यात आहे ते त्या मिरचीचं म्हणावं, तर मध्ये दोनदा मोडून दुकानातल्या कपातलं दही लावलंय. म्हणजे तेही नाही.

काल संध्याकाळी बेल वाजली. आमच्या मजल्यावर चार दारं आहेत आणि चारही बंद असतात. बंद दाराला मी नावं ठेवत नाही. चाळीत रडायलासुद्धा जागा नव्हती. समोरच्या घरात तीन मुलं भाड्यानं राहतात. त्यातला लातूरचा मुलगा वाटी घेऊन उभा होता.

"काकू, थोडं दही मिळेल का? घरी लावून बघावं म्हटलं."

दिवा लावून अर्धा तास झाला होता. माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही. तरी तोंडातून निघालं, "दूधच घेऊन ये."

तो पातेलं घेऊन आला. दूध अजून वाफाळत होतं. करंगळी बुडव म्हटलं, तर त्यानं हात झटकला. "वायच थांब," मी म्हणाले. त्याला ते कळलं नाही. खुर्चीवर बसला. परळला काचेच्या एका इमारतीत त्याचं ऑफिस आहे. पूर्वी तिथं गिरणी होती हे त्याला माहीत होतं. अमेरिकेतल्या लोकांचं काम, म्हणून रात्रभर जागायचं. हल्ली घरूनच. "म्हणजे रातपाळी," मी म्हणाले. तो हसला. आई गावी कसं दही लावते हे सांगू लागला. मातीच्या गाडग्यात, चुलीशेजारी. सांगता सांगता दूध निवलं. मी चमचाभर विरजण घातलं, एकदा ढवळलं, झाकण ठेवलं.

"आता काय करायचं?"

"काही नाही."

"किती वेळ?"

"तुझी पाळी संपेपर्यंत. आणि हात लावायचा नाही. हलवायचं नाही."

"नाही लावत," तो म्हणाला आणि पातेलं दोन्ही हातांत धरून सावकाश समोरच्या दाराकडे गेला.

आज सकाळी माझं झाकण उचलून झाल्यावर फोन पाहिला. रात्री साडेअकराचा मेसेज होता : काकू, अजून पातळच आहे. सव्वाचा : कडेनं थोडं लागल्यासारखं वाटतंय. त्यानंतर काही नाही. मग पावणेसहाला एक फोटो.

दही लागलं होतं. वर पिवळसर साय, कडेला सुरेख घट्ट. मधोमध बोटाएवढा खड्डा, आणि खड्ड्यात पाणी.